मागे साडेआठशे किलो: युटाच्या कच्च्या वाटांवर आठ दिवस

पहिला दिवस: मोॲब ते सॅन राफेल नदी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोॲब गावी, ट्रेलर ताब्यात घ्यायला मी आणि ताई सकाळी आठलाच हजर झालो. गाडी आमची स्वतःची होती, कारण भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. ट्रेलर मात्र भाड्याचा. वर्षातून एखाददा लागणारी वस्तू विकत घ्यायची, ऊन-पावसात उभी ठेवायची आणि तिच्या बेअरिंगांची काळजी वाहायची, यापेक्षा हवी तेव्हा घ्यावी आणि परत करावी हे आम्हाला आधीपासूनच पटलेलं होतं. करार दोनदा वाचला. कच्चा रस्ता चालेल, वाहती नदी ओलांडायची नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. कुठे जाणार ते नकाशावर दाखवून आम्ही मालकाची सही घेतली.

ट्रेलर म्हणजे एक दणकट पेटी. वर उघडणारा तंबू, मागच्या दाराआड स्वयंपाकाचा ओटा, पोटाखाली ७५ लिटरची पाण्याची टाकी, पुढे गॅसची टाकी, छतावर सौर पाटी आणि आत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. चाकं आमच्या गाडीच्याच मापाची आणि नटांची आखणीही तीच, त्यामुळे एकच जादा चाक दोघांनाही चाललं असतं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम विचारून घेतली होती. रानात दोन वेगळ्या मापांची जादा चाकं वाहून नेणं नकोसं होतं.

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतो. डांबरी रस्त्याला ते उत्तम. पण खाचखळग्यात गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला की त्या गोळ्यावरच्या वाटीला पीळ बसतो. आमच्या ट्रेलरचा कपलर, म्हणजे गाडीला जोडणारा सांधा, सगळ्या दिशांना फिरणारा होता. मालकाने जोडणी आमच्याकडून तीन वेळा करून घेतली, तेव्हा कुठे तो समाधानी झाला. खीळ, खिळीची पिन, मग दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुली करून. अशा फुलीचा फायदा असा की जोड सुटलाच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मग सात पिनांचा प्लग, आणि शेवटी ती बारीक तार, जी ट्रेलर निसटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लावते.

भरून झाल्यावर वजन ८५० किलोच्या आसपास गेलं. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार दांड्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलतो, फार आला तर गाडीचं नाक वर उचललं जातं. आमचा ९५ किलो भरला.

निघेपर्यंत साडेअकरा वाजले. ५० मैलांवर सगळे नट पुन्हा पान्याने आवळायचे असं बजावलं होतं, ते ग्रीन रिव्हर गावात आवळले. पेट्रोलची टाकीही तिथेच काठोकाठ भरली. या गावापासून पश्चिमेला सलाइनापर्यंत सुमारे ११० मैल महामार्गावर ना पंप ना दुकान. आणि मागे ओझं असलं की गाडीची भूक वाढते. आमचं मायलेज पहिल्याच दिवशी एक तृतीयांशाने उतरलं होतं.

सॅन राफेल स्वेल या प्रचंड उंचवट्याचा उभा खडकाळ कडा चढून गेल्यावर महामार्ग सोडला आणि टायरमधली हवा ३५ वरून २२ पौंडांवर आणली, गाडीची आणि ट्रेलरचीही. तासाभराने नदीकाठी पोहोचलो. इथला जुना झुलता पूल १९३७ साली सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी बांधला. आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात. उजेड असतानाच ट्रेलर लावला आणि बरं झालं, कारण तो समतल करण्यातच पाऊण तास गेला.

दुसरा दिवस: बकहॉर्न वॉश आणि वेज

सकाळी बकहॉर्न वॉशची चित्रं पाहिली. तांबड्या भिंतीवर माणसांपेक्षा उंच वाटणाऱ्या आकृत्या आहेत. कुणाला पंख, कुणाच्या हातात साप, पाय कुणालाच नीट नाहीत. दोन हजार वर्षांहून जुनी ही चित्रं रस्त्याच्या इतकी जवळ आहेत की गाडीचं दार उघडलं की समोर भिंत. ताई तिथे अर्धा तास गप्प उभी होती. मी तिला हाक मारली नाही.

दुपारनंतर वेजच्या काठावर गेलो. खाली सॅन राफेल नदीने हजार फुटांहून खोल दरी कोरली आहे. लोक तिला छोटं ग्रँड कॅनियन म्हणतात, आणि काठावर उभं राहिलं की नाव योग्य वाटतं. मुक्कामाच्या जागा काठाने ठरवून दिलेल्या आहेत, क्रमांक लावून. पहिल्या तीन भरलेल्या होत्या. चौथ्या जागेकडे एक अरुंद फाटा जात होता, दोन्ही बाजूंना जुनिपरची झाडं. सूर्य टेकला होता, घाई होती, आणि मी सरळ आत घुसलो.

तीनशे मीटरवर फाटा संपला. शेवटी एक लहानसा गोल, आणि त्यात दोन तंबू आधीच उभे.

एकटी गाडी असती तर पुढे-मागे करत वळली असती. ट्रेलरसकट वळणं शक्यच नव्हतं. रस्त्याबाहेर चाक घालायचं नाही, हेही नक्की होतं. इथल्या मातीवर काळसर, खरखरीत कवच असतं. सूक्ष्म जीवांनी मातीचे कण एकमेकांना बांधून तयार झालेलं ते कवच एका चाकाखाली मोडतं आणि पुन्हा जमायला कितीतरी दशकं जातात. उलटं जायचं तर मध्ये एक वाकडं वळण होतं आणि अंधार पडत होता.

तंबूतलं जोडपं बाहेर आलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता हातमोजे घातले. ट्रेलरच्या चाकांना पाचरी लावल्या, प्लग काढला, साखळ्या सोडल्या, खीळ उपसली आणि दांड्याखालचं छोटं चाक खाली केलं. ते वाळूत लगेच रुतलं. मग ताईने गाडीवरच्या वाळूत घालायच्या प्लास्टिकच्या फळ्या काढल्या. एक फळी चाकाखाली, एक तिच्या पुढे. चौघांनी दांडा धरून ट्रेलर हातभर ढकलायचा, पाचर मारायची, मागची फळी काढून पुढे घालायची आणि पुन्हा हातभर. असं करत करत तो शेजारच्या उघड्या कातळावर आणला. कातळावर मात्र तो जात्याच्या पाळूसारखा जागच्या जागी फिरला. त्याचं तोंड बाहेरच्या दिशेला केलं. मी गाडी त्या गोलात सात-आठ वेळा पुढे-मागे करून वळवली, ट्रेलरला घासत बाहेर काढली आणि उलटी आणून कपलरला भिडवली. शेवटच्या दोन बोटांचं अंतर ताई टॉर्च धरून सांगत होती, "ये, ये, अजून, थांब."

सव्वा तास गेला. त्या दोघांनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाले, रात्री आता कुठे जाता, कातळावरच राहा. राहिलो.

झोपण्यापूर्वी ताईने नियम केला. तिच्या आवाजात राग नव्हता. "अरे, आत जाता येईल का हे विचारूच नको. वळता येईल का ते आधी बघायचं. मी उतरून चालत जाईन, मोजीन, मग तू ये." आमच्या गाडी-ट्रेलरला एका दमात वळायला तिची सोळा पावलं रुंदी लागते, हे दुसऱ्या सकाळी तिने मोकळ्या जागेत मोजून ठरवलं. पुढच्या सगळ्या प्रवासात प्रत्येक फाट्यावर ती उतरली.

तिसरा दिवस: पाणी

परतीचा कच्चा रस्ता पत्र्याच्या पन्हाळीसारखा होता. अशा रस्त्यावर गाडीपेक्षा ट्रेलरचे हाल जास्त, कारण तो हलका असतो आणि त्याचं थरथरणं आपल्याला आत बसून कळत नाही. महामार्गापाशी हवा भरायला थांबलो तेव्हा ट्रेलरच्या पोटाखालून फुफाट्यात एक काळी ओली रेघ मागे गेलेली दिसली.

मी खाली सरपटत गेलो. टाकीच्या तळाशी जिथे नळी जोडलेली असते तो प्लास्टिकचा आटा थरथरीने सैल झाला होता आणि थेंब नव्हे, चांगली करंगळीएवढी धार लागली होती. हाताने आवळला, थांबली. पण टाकीचा काटा तळाला गेला होता. माणशी दिवसाला किमान चार लिटर या हिशेबाने आम्ही ते पाणी जपून वापरत होतो, आणि ते सगळं मातीत. गाडीत वीस लिटरचे दोन डबे वेगळे ठेवलेले होते म्हणून जिवाला घोर लागला नाही. ट्रेलरमध्ये टाकी असली तरी सगळं पाणी तिच्यावर सोडू नये, हे मी प्रत्येकाला सांगेन.

या गळतीचा दुसरा परिणाम आमच्या ध्यानात आला नव्हता. टाकी चाकांच्या पुढे होती. ती रिकामी झाली तशी दांड्यावरचा भार कमी झाला. शिवाय सकाळी घाईत मी जड पेटी मागच्या ओट्यात टाकली होती. महामार्गावर पूर्वेकडे निघालो की स्पॉटेड वुल्फ घळीतून रस्ता त्या कड्यावरून खाली उतरतो. तीव्र उतार, बाजूने एक मोठा ट्रक गेला, त्याची हवा लागली आणि ट्रेलर झुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो तिथे जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला आणि ट्रेलरच्या ब्रेक-कंट्रोलरवरची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. मागून कुणी धरून ओढावं तसा तो ताठ झाला आणि सरळ आला. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचं काम. पायथ्याशी थांबून जड पेटी पुढे हलवली आणि ताईने गाडी स्वतःकडे घेतली, कारण माझे हात कापत होते.

गॉब्लिन व्हॅलीच्या राज्य उद्यानात पाणी मिळतं. आटा काढून त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळली, पुन्हा बसवला, टाकी भरली. संध्याकाळी टेंपल माउंटनच्या पायथ्याशी मुक्काम. इथे एके काळी युरेनियमच्या खाणी होत्या. त्यांची तोंडं अजून डोंगरात दिसतात, आत जायचं नसतं.

चौथा दिवस: ट्रेलर मागे ठेवून

हँक्सव्हिलमध्ये पेट्रोल भरून केनव्हिलच्या दिशेने निघालो. फॅक्टरी ब्यूटचा करडा डोंगर लांबूनच दिसू लागतो. जवळच्या सपाट माळावर सरकारी जमिनीत मुक्काम करता येतो. अकरा वाजताच ट्रेलर लावला, कपलरला कुलूप घातलं, चाकालाही घातलं, आणि गाडी सोडवून घेतली.

आमच्या मते ट्रेलरचं खरं सुख इथे आहे. छतावर तंबू बांधलेल्या गाडीला कुठे जायचं तर आधी घर आवरावं लागतं. आमचं घर माळावर उभं होतं, फ्रिज चालू होता, आणि गाडी फुलासारखी हलकी झाली होती.

केनव्हिल वॉशच्या रस्त्याने कॅथेड्रल व्हॅलीत गेलो. या बाजूने नदी ओलांडावी लागत नाही. सतरा-अठरा मैलांवर ती दोन शिळामंदिरं आहेत, सूर्याचं आणि चंद्राचं. एन्ट्राडा वालुकाश्माचे हे सुळके सपाट जमिनीतून एकदम उभे राहतात. मोठा सुमारे चारशे फुटांचा. जवळच सेलेनाइटच्या स्फटिकांची टेकडी आहे. ऊन पडलं की काचेचा ढीग ओतल्यासारखी चमकते.

दोनच्या सुमाराला पश्चिमेला ढग जमले. इथली माती बेंटोनाइटची, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेची चिकणमाती. कोरडी असताना फरसबंदी वाटते, भिजली की साबण होते, आणि चार चाकांना जोर असलेली गाडीही तिच्यावर उभी घसरते. अजून एक वळण पुढे जाऊन फोटो घ्यायचा होता. ताई म्हणाली, "पुरे." वळलो. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा काचेवर पहिले थेंब पडले.

पाचवा दिवस

कुठेही गेलो नाही. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी आमचा माळ करड्या लगद्याचा झाला होता. ट्रेलरभोवती दहा पावलं चाललो तर बुटांना वीतभर तळवे चिकटले. रस्ता दिसत होता, अर्ध्या मैलावर, पण तिथवर जायची हिंमत केली असती तर चाकांच्या खोल चऱ्या वर्षभर राहिल्या असत्या आणि आम्ही बहुधा मध्येच रुतलो असतो.

चांदवा बांधून दिवसभर त्याखाली बसलो. ढगांमुळे सौर पाटीतून काही येत नव्हतं. फ्रिज दिवसाला साधारण ४० अँपिअर-अवर खातो, म्हणजे बॅटरीवर दोन दिवस निभतात. संध्याकाळी ती ४८ टक्क्यांवर होती. ताईने लहानपणच्या, मला आठवत नसलेल्या गोष्टी सांगितल्या. एरवी आमचं बोलणं फोनवर पंधरा मिनिटांत उरकतं.

सहावा दिवस: लांबचा रस्ता

दुपारी बारापर्यंत वरचा थर वाळला. ताई चालून आली, काठीने टोचून आली, आणि निघालो.

हँक्सव्हिलहून ब्लँडिंगपर्यंत सव्वाशे मैलांच्या आसपास अंतर, पेट्रोलचा भरवसा नाही, म्हणून पुन्हा टाकी भरली. डावी-उजवीकडे तांबड्या भिंती, मागे हेन्री पर्वत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत शेवटी नकाशावर आलेली डोंगररांग. हाइटला वरच्या कठड्यावरून कोलोरॅडो नदी दिसते. लेक पॉवेल या जलाशयाचं पाणी इथवर भरलेलं असायचं. आता होड्या उतरवायचा काँक्रीटचा उतार कोरडा पडून आहे आणि पाणी पार दूर गेलं आहे. फार वेळ पाहवलं नाही.

पुढे नॅचरल ब्रिजेसजवळ एक फाटा दक्षिणेला जातो आणि मोकी डगवेच्या घाटाने थेट व्हॅली ऑफ द गॉड्सपाशी उतरतो. तो घाट १९५०च्या दशकात युरेनियमची माती वाहणाऱ्या ट्रकांसाठी खोदला. तीन मैल कच्चा, ११ टक्के उतार, कठडे नाहीत. सरकारची सूचना अशी आहे की २८ फुटांपेक्षा लांब आणि १० हजार पौंडांपेक्षा जड वाहन तिथे नेऊ नये. वजनात आम्ही बसत होतो. लांबीत नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेएकोणतीस फूट.

दीड फुटाचा प्रश्न होता. लोक नेतात, हेही ठाऊक होतं. पण घाटात समोरून कुणी आलं आणि मागे सरायची वेळ आली तर वळायला सोळा पावलं कुठून आणायची? ब्लँडिंग आणि ब्लफवरून मोठा वळसा घेतला. दीडेक तास जास्त लागला असेल. व्हॅली ऑफ द गॉड्सच्या पूर्वेकडच्या तोंडातून शिरलो तेव्हा सुळक्यांच्या सावल्या मैलभर लांब झाल्या होत्या. दुसऱ्याच फाट्यावर ताई उतरली, आत गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. एकोणीस पावलं!

सातवा दिवस: मोकी डगवे, एकट्या गाडीने

ट्रेलर मुक्कामावर ठेवून सकाळी तोच घाट वर चढलो. पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर समोर सरळ भिंत आहे, रस्ता कुठे असेल ते कळतच नाही. पहिल्या वळणानंतर कळतं. हजार फुटांहून जास्त उंची तीन मैलांत संपते. चौथ्या वळणावर समोरून दोन गाड्या आल्या. आम्ही आतल्या अंगाला, भिंतीला चिकटून थांबलो, त्या काठाने हळूहळू उतरल्या. त्या जागी मागे ट्रेलर असता तर काय केलं असतं याचं उत्तर आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

वर म्युली पॉइंटला गेलो. खाली सॅन वान नदीच्या नागमोडी घळी, पलीकडे मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके, आणि मधलं सगळं मोकळं. आम्ही कातळावर पाय पसरून दुपारपर्यंत बसलो. खाली कुठेतरी आमचं पांढरं ठिपक्याएवढं घर असणार म्हणून ताई दुर्बिणीतून शोधत राहिली. ते इथून दिसण्यासारखं नव्हतंच, पण ती शोधत राहिली.

शेवटची रात्र. मैलोन् मैल एकही दिवा नाही. जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, २००७ साली जाहीर झालेलं नॅचरल ब्रिजेस, आमच्या वरच्याच पठारावर आहे. आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत अखंड दिसत होती, मध्ये फक्त सुळक्यांचे काळे आकार. मी तंबूत शिरलो तरी ताई खाली खुर्चीत होती.

आठवा दिवस: परत मोॲब

हवा भरून, नट तपासून ब्लफमार्गे निघालो. शंभरेक मैल डांबरी. वाटेत ट्रेलर धुवून घेतला. करारात तशी अट होती, आणि करडी माती सुकली की सिमेंटसारखी धरते.

मालकाने ट्रेलरभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं. मी त्याला टाकीचा आटा दाखवला. त्याने तिथल्या तिथे तो काढून पितळी आटा बसवला आणि वर पट्टी आवळली. एका कपाटाची खिटी खडखडाटात कुठेतरी पडली होती, तिचे पैसे अनामतीतून गेले.

तोच ट्रेलर पुढे न्यायला एक कुटुंब अंगणात थांबलं होतं. दोन मुलं, पहिलीच खेप. मी त्यांना पाण्याचे वेगळे डबे घ्यायला सांगितलं, जड सामान कुठे ठेवायचं ते दाखवलं. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "हा वळायला जागा किती लागते?"

ताईने अंगणाच्या कुंपणाला पाठ लावली आणि चालायला लागली. सोळाव्या पावलाला थांबून तिने टाचेने मातीत रेघ ओढली. मग त्या बाईंनी कुंपणापासून स्वतःची पावलं मोजली. त्यांची अठरा भरली.